टॉडलर कॅरियर रिव्ह्यू: नागपूरचा उन्हाळा, साडेनऊ किलोची लेक आणि नऊ आठवडे

पहिल्या दिवशी दत्तक देणाऱ्या संस्थेतल्या, मुलं सांभाळणाऱ्या मावशींनी लेकीला माझ्या कडेवर दिलं तेव्हा तिचे दोन्ही पाय नुसते लोंबत राहिले. सव्वादोन-अडीच वर्षांचं मूल कडेवर घेतलं की ते आपोआप कमरेला पायांची मिठी मारतं, एक हात खांद्यावर टाकतं, आपण खालून फक्त हाताचा आधार द्यायचा असतो. हिला ते माहीतच नव्हतं. जिथे एका मावशीच्या वाट्याला इतकी मुलं असतात तिथे एकेकाला कडेवर घेऊन फिरणार कोण आणि किती वेळ, त्यात मावशींचा काहीच दोष नाही, त्यांनी तिला किती जिवापाड सांभाळलंय ते मी बघितलंय. पण साडेनऊ किलोचं ते पिल्लू माझ्या कमरेवरून घसरत होतं आणि चेहऱ्यावर काही नाही, रडणं नाही, हसणं नाही, नजर दाराकडे. हा रिव्ह्यू त्या लोंबणाऱ्या पायांसाठी लिहितेय, कारण पुढचे नऊ आठवडे ज्या वस्तूने आम्हाला तारलं ती म्हणजे मूल अंगाशी बांधून घ्यायचा एक बकलवाला कापडी कॅरियर, टॉडलर म्हणजे चालत्या मुलांच्या साइझचा.

आधी थोडं आमच्याबद्दल, म्हणजे कोणत्या परिस्थितीत वापरलाय ते कळेल. मी मूळची पुण्याची, नवरा चिपळूणचा, न्यू जर्सीत एडिसनला राहतो. दत्तक प्रक्रिया भारतातूनच करायची हे पहिल्यापासून नक्की होतं. दोन्ही देश आंतरदेशीय दत्तकाच्या हेग कराराचे सदस्य आहेत (करार १९९३ चा, भारताने तो २००३ मध्ये मान्य केला) त्यामुळे इकडची मान्यता, तिकडची मान्यता, दिल्लीच्या कारा (केंद्र सरकारची दत्तक यंत्रणा) ऑफिसची एनओसी म्हणजे ना हरकत, सगळं एकामागोमाग एक. लेक विदर्भातल्या एका संस्थेतली. संस्थेचं नाव, जिल्हा, तिचं नाव यातलं काही लिहिणार नाही, कायद्याने पण लिहायचं नसतं आणि ती तिची गोष्ट आहे, मोठी झाली की तीच सांगेल. एनओसी आल्यावर दत्तकाचा आदेश हातात येईपर्यंत मूल भारतातच आपल्याजवळ ठेवता येतं, प्री-अ‍ॅडॉप्शन फॉस्टर केअर म्हणतात त्याला. मग आम्ही दोघांनी सुट्टी घेतली आणि नागपूरला धरमपेठेत महिन्याच्या भाड्याने फ्लॅट घेतला. मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत. विदर्भातल्या लोकांना हे वाचूनच घाम फुटला असेल.

कॅरियर घ्यायचं डोक्यात आलं ते ट्रेनिंगमध्ये. अमेरिकेत हेगमधून दत्तक घेणाऱ्यांना किमान १० तासांचं ट्रेनिंग सक्तीचं आहे, तिथे समजावून सांगतात की संस्थेत वाढलेल्या मुलाला 'हे माणूस माझं' ही कल्पनाच नवीन असते. शिफ्ट बदलली की मावशी बदलते, त्यामुळे जो येईल तो आपला, गेला तर गेला. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे भरवणं, आंघोळ, झोपवणं, उचलणं हे फक्त आईबाबांनीच करायचं, म्हणजे भूक लागली, भीती वाटली तर कोणाकडे बघायचं हे मुलाच्या अंगात मुरतं. आणि अंगाला अंग लागणं हवं, जेवढं मूल घेऊ देईल तेवढं. कांगारू केअर तुम्हाला माहीत असेल, १९७० च्या दशकाच्या शेवटी कोलंबियात बोगोटाच्या डॉक्टरांनी इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून कमी वजनाची बाळं आईच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. माझी सासू हे ऐकून म्हणाली, यात नवीन काय, आमच्याकडे भात लावणीला बायका पोराला पाठीशी लुगड्यात बांधूनच जायच्या. बरोबरच आहे. बाकी सगळं बकल आणि पॅडिंग.

तर वस्तूबद्दल. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण या प्रकारचे चारपाच ब्रँड मी हाताळून बघितले आणि रचना सगळ्यांची जवळजवळ सारखीच आहे, तुम्ही काय बघून घ्यायचं ते महत्त्वाचं. कमरेला रुंद पट्टा, दोन खांद्याला पट्टे, पाठीवर मध्ये एक छोटं क्लिप, समोर मुलाला धरणारा कापडाचा पॅनल. २० किलोपर्यंत चालतो असं लेबलवर आहे. साडेपाच हजार पडले. सगळ्यात पहिली गोष्ट बघायची ती पॅनलची रुंदी. एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत कापड पोचायला हवं, मूल बसल्यावर गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर यायला हवेत. बाळांचा साइझ घेऊन त्यात मोठं मूल घातलं तर पाय मध्येच लटकतात. माझं पहिलं पार्सल तेच निघालं, परत पाठवलं. आणि तोंड आपल्याकडे हवं. काही कॅरियरमध्ये मूल बाहेर तोंड करून बसवता येतं, आमच्यासारख्यांना त्याचा काही उपयोग नाही. आख्खं जग नवीन असलेल्या मुलाला बाहेर तोंड करून रस्त्यावर नेलं तर ते सगळं तिच्यावर एकदम आदळणार, आत तोंड असलं की नको वाटेल तेव्हा मान वळवून आपल्या छातीत लपता येतं.

आता वापर. पहिले चार दिवस आम्ही तिला त्यात घातलंच नाही. हे ठळक अक्षरात लिहायला हवं खरं तर. घरी आणलं आणि लगेच बांधलं असं अजिबात करू नका, ज्या मुलाला कोणी जवळ घेऊन बसायची सवय नाही त्याला ते अडकवून ठेवल्यासारखं वाटू शकतं. आम्ही कॅरियर गादीवर नुसता पडू दिला. तिच्यासोबत संस्थेतून एक दुपटं आलं होतं, मावशींना मी आधीच विनंती केली होती की धुवू नका, तिच्या वासाचं तसंच द्या. मावशींनी ते माझ्या हातात देताना सांगितलं, "हिले थोपटल्याबिगर झोपच येत नाई, डाव्या कुशीवर, दोन बोटांनी, हळू." आणि स्वतःच्या हातावर थोपटून दाखवलं. मग त्यांचा बांध फुटला. मी पण रडले. ती दोन बोटांची लय मी आजही विसरलेले नाही. ते दुपटं मी कॅरियरच्या आतल्या बाजूला, जिथे तिचा गाल टेकणार तिथे टाचून ठेवलं. चौथ्या दिवशी तिने स्वतः दुपट्यावर गाल ठेवला. पाचव्या दिवशी कॅरियरमध्ये पाच मिनिटं, घरातल्या घरात, कूलरसमोर. कंटाळली की लगेच बाहेर. असं करत करत दुसऱ्या आठवड्यात अर्ध्या तासावर आलो.

या काळात तिने मला मावशी म्हणायला सुरुवात केली होती. बाई म्हणजे मावशी, तिच्या जगात दुसरा शब्दच नव्हता. नवऱ्याला ती सर म्हणायची कारण संस्थेच्या ऑफिसात जे पुरुष दिसायचे ते सर. आम्ही दुरुस्त केलं नाही, फक्त आम्ही स्वतःबद्दल बोलताना आई आणि बाबा म्हणत राहिलो, "आई आता वरण कालवतेय", "बाबा पाणी आणतोय", एवढंच.

नवऱ्याचं जास्त अवघड होतं. पुरुषाच्या हातात ती कधी गेलीच नव्हती, तो खोलीत आला की पडद्यामागे. तो मात्र कमालीचा शांत राहिला, रोज तिच्यापासून दोन हात लांब जमिनीवर बसायचा आणि संत्रं सोलायचा, एकेक फोड मध्ये ठेवायचा. अकराव्या दिवशी मी कॅरियर काढून खाली ठेवला तर तिने तो ओढत ओढत त्याच्यापर्यंत नेला. बोलली काही नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि त्याने बांधला. मी मागून क्लिप लावलं. ती त्याच्या छातीशी ताठ बसली, हात दोन्ही मध्ये घेऊन, आणि तो हॉलमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून हॉलमध्ये असा वीस मिनिटं चालत राहिला. एकविसाव्या मिनिटाला तिची मान पडली. झोपली. हा माणूस तसाच उभा, बसेना, की बकलचा आवाज होऊन जाग येईल म्हणून. त्या एका दुपारसाठी सुद्धा मी साडेपाच हजार परत खर्च करेन.

बकलचा आवाज हा खरा दोष आहे या वस्तूचा. कमरेचं मोठं बकल उघडताना जो कट्ट आवाज होतो त्याला ती पहिले काही दिवस दचकायची. उपाय म्हणजे बकलवर तळहात ठेवून हळू दाबायचं, आणि आधी तिला सांगायचं "आता कट्ट होणार". नंतर ती स्वतःच "कत्त" म्हणायला लागली. दुसरा दोष पाठीवरचं क्लिप. एकट्या माणसाला ते लावता येत नाही पटकन, खांदे आखडलेले असतील तर अजिबातच नाही. युक्ती अशी की क्लिप आधीच लावून ठेवायचं आणि पट्टे टी-शर्टसारखे डोक्यावरून घालायचे, मग कमरेजवळ ओढून घट्ट करायचे. मला हे शिकायला तीन आठवडे लागले, तुम्ही पहिल्याच दिवशी करा.

तिसरा आणि सगळ्यात मोठा दोष म्हणजे गरमी. नागपुरात एप्रिलमध्ये ४३ डिग्री असतं तेव्हा छातीला चिकटवलेलं मूल म्हणजे दोघांचं धिरडं. पॅडिंगवाला जाड कॅरियर घेतलात तर घामोळ्या नक्की, आम्हाला झाल्याच, तिच्या मानेवर आणि माझ्या पोटावर. जाळीचा पॅनलवाला मिळतो, उन्हाळ्यात जाणार असाल तर तोच घ्या. आमच्याकडे जाड होता, मग आम्ही वेळ बदलली. पहाटे साडेपाचला उठायचं आणि सहाला फुटाळा नाहीतर अंबाझरी तलावावर, सातच्या आत घरी. मध्ये एक पातळ सुती पंचा घालायचा, घाम टिपला जातो. दुपारी घरात फक्त कूलरसमोर. आणि पाणी, दर पंधरा मिनिटांनी, त्या पाण्याने सुद्धा नातं जुळतं बरं का, कारण प्रत्येक घोट माझ्या हातून जात होता.

न्यू जर्सीहून आणलेला भारी स्ट्रोलर मात्र सगळे नऊ आठवडे बंद राहिला. एक तर फूटपाथ सलग नाही, आणि दुसरं म्हणजे त्यात मूल आपल्यापासून लांब आणि पाठमोरं. तो आणायचा असेल तर खुशाल आणा पण पहिल्या महिन्यासाठी त्यावर भरवसा ठेवू नका. रिंग स्लिंग पण वापरून बघितली, दोन कड्यांतून कापड ओवायचं असतं ती, घरातल्या पाच-दहा मिनिटांसाठी छान पण सगळं वजन एका खांद्यावर येतं आणि आमची लेक पायांनी धरत नसल्यामुळे एका बाजूला कलायची. जी मुलं स्वतःहून चिकटतात त्यांच्यासाठी ठीक.

खाण्याचं सांगायला हवं. ती खूप भराभर खायची, पोट भरलं तरी ताटाकडे बघत राहायची, आणि झोपताना मुठीत बिस्किट लागायचं. काढून घेतलं नाही कधीच. कॅरियरमध्ये सुद्धा बिस्किट घेऊनच झोपायची, त्यामुळे माझ्या टी-शर्टच्या आत चुरा आणि पॅनलवर लाळेने भिजलेला लगदा. धुण्याच्या बाबतीत वस्तू पैकीच्या पैकी. साध्या साबणाने बादलीत, पिळायचा नाही, नागपूरच्या उन्हात तासाभरात वाळतो, रंग थोडा उतरला पण शिवण हलली नाही. फक्त दुपटं कधीच धुतलं नाही, पाच आठवडे तरी.

आता नातेवाईक. सासूबाई मदतीला चिपळूणहून आल्या होत्या, तेवीस वर्षांनी घरात नात आलेली, आणि आम्ही त्यांना सांगितलं की सध्या उचलायचं नाही, भरवायचं नाही. किती लागलं असेल त्यांना. दोन दिवस त्या बोलल्या नाहीत माझ्याशी. मी पण समजावताना कमी पडले, ट्रेनिंगमधले शब्द वापरत बसले, सरळ सांगायला हवं होतं की आई, ती अजून आमची पण झालेली नाहीये. तिसऱ्या दिवशी मी लेकीला कॅरियरमध्ये घेऊन ओट्याशी उभी होते आणि सासूबाई माझ्या शेजारी उभ्या राहून भाकऱ्या थापायला लागल्या, थापता थापता जुनं काहीतरी गुणगुणायला लागल्या. लेकीने दुपट्यावरून मान उचलून त्यांच्याकडे बघितलं. रोज मग तेच, ती माझ्या छातीशी आणि आजी शेजारी गातेय. कॅरियरचा हा उपयोग कुठल्या लेबलवर लिहिलेला नसतो, पाहुणे, शेजारी, बारशाला आलेली माणसं, सगळ्यांना ती दिसते, सगळ्यांना ती बघते, पण "द्या ना इकडे जरा" म्हणून कोणी हात पुढे करत नाही, कारण ती बांधलेली आहे. आपल्याकडे बाळ हातोहात फिरतं, प्रेमानेच फिरतं, पण जे मूल आधीच खूप हातांतून आलेलं आहे त्याला काही दिवस एकच कुशी हवी. नाही म्हणताना माणसं दुखावतात, कॅरियर असला की नाही म्हणायची वेळच कमी येते.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात ती रडायला लागली. हे वाचून कोणाला वाटेल वाईट झालं. तोपर्यंत ती झोपेतून उठली तरी आवाज करायची नाही, डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडून राहायची, कारण रडून कोणी येतं याचा अनुभवच नव्हता. एका पहाटे ती रडली, मोठ्याने, हात वर करून म्हणाली "मले घे". आयुष्यात पहिल्यांदा तिने मागितलं. मी कॅरियर शोधलाच नाही, तशीच उचलली.

दत्तकाचा आदेश आला, मग काराचं कन्फर्मिटी सर्टिफिकेट (दत्तक हेग करारानुसार झाल्याचं), जन्मदाखला, पासपोर्ट, ते सगळं इथे लिहीत नाही, पुढे कधीतरी वेगळं लिहीन. फक्त एक सांगते, कुठल्याही ऑफिसात जाताना कॅरियर अंगावर ठेवा, एका ठिकाणी आम्हाला साडेचार तास बसवलं आणि ती त्यातले तीन तास माझ्यावर झोपलेली होती. अमेरिकेच्या व्हिसासाठी दिल्लीला जावं लागतं, मेडिकल पण तिथेच. दिल्लीत आम्ही उतरलो होतो त्या ठिकाणी लिफ्ट बंद पडलेली, कॅरियर नवऱ्याकडच्या बॅगेत खाली राहिलेला, मी तिला तशीच कडेवर घेऊन जिना चढायला लागले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मला माझ्या कमरेत काहीतरी रुतल्यासारखं वाटलं. तिच्या टाचा होत्या. दोन्ही पायांनी तिने मला घट्ट धरलं होतं. मी तिथेच पायरीवर थांबले, वरून कोणीतरी येत होतं त्यांनी विचारलं, मॅडम ठीक हो ना.

विमानाचं थोडक्यात. दोन वर्षांच्या वरच्या मुलाला स्वतःची सीट घ्यावीच लागते, टेकऑफ आणि लँडिंगला कॅरियर चालत नाही, सीटबेल्टच. सिक्युरिटीला पण मूल बाहेर काढून कॅरियर मशीनमधून पाठवायला लावतात, झोपलेली असेल तर त्रास होतो, तयारी ठेवा. दिल्ली ते न्यूअर्क पंधरा तासांत ती सहा तास नवऱ्याच्या छातीवर झोपली, तो मागच्या बाजूला टॉयलेटजवळ उभा राहून डुलत होता.

रेटिंग विचाराल तर पाचपैकी साडेचार, अर्धा गुण गरमीचा आणि त्या पाठीवरच्या क्लिपचा. मुलाचं वजन कमी आहे, नऊच किलो आहे म्हणून लगेच छोटा घेऊ नका, पायांची लांबी बघा, आणि टॉडलर साइझच्या लेबलवरचं किमान वजन पण. तुमची पाठ दुखत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि मूल नको म्हणत असेल तर महिनाभर खुंटीला अडकवून ठेवावा लागला तरी ठेवा, जवळ बसून संत्रं सोलणं पण चालतं.

आता ती साडेतीनची आहे, इंग्रजी शाळेतून उचलतेय, माझी पुणेरी आणि आजीची चिपळूणची मराठी फोनवरून, सगळं मिसळून बोलते. मला आई म्हणते, त्याला बाबा. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी सोशल वर्कर घरी यायच्या, आता सहा महिन्यांनी. कॅरियर बेडरूमच्या दारामागे आहे, वापर जवळजवळ बंद झालाय. गेल्या महिन्यात तिला ताप होता, रात्री दोनला उठून बघते तर ती दारामागून तो ओढून काढत होती, पट्टा अडकलेला सोडवत होती. माझ्यापर्यंत आणला, पायाशी टाकला, हात वर केले.

"मले घे."